नोकरीतलं म्हातारपण, कामातलं म्हातारपण

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते छत्तीसगडमधल्या भिलाई पोलाद कारखान्याची (बीएसपी) पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या वेळी कामाला लागलेली विशी-पंचविशीतली मुलं, आज जी हयात आहेत ती, नव्वदीच्या आसपास आहेत. ऐंशीच्या दशकात कारखान्याच्या हजेरीपटावर साठ हजारांहून जास्त कायम कामगार होते. त्या दशकात भरती झालेले आता सत्तरीकडे झुकलेत किंवा ती ओलांडून गेलेत. जुन्या शहरांत सगळ्या वयाची माणसं कायमच असतात. भिलाईत माणसं तरुणपणी, दोन-तीन दशकांत लोंढ्याने आली, त्यामुळे म्हातारीही एकदमच झाली. त्यांतली पुष्कळजण आता धड आजारीही नाहीत आणि धड हिंडती-फिरतीही नाहीत. वजन उतरलंय, पाय अडखळतात, न्हाणीघरात कुणीतरी सोबत लागतं, साध्या तापाने महिनाभर अंथरूण धरावं लागतं. त्यांचं कोण करतं, आणि कुणाचं किती होतं, याचा हा आढावा.

भारतात या प्रश्नावर जातवार आणि जमातवार लिहिलं गेलेलं थोडं आहे. अमेरिकेत मात्र काळे आणि गोरे म्हातारे यांच्या दीर्घकालीन शुश्रूषेतल्या तफावतीवर बरंच काम झालंय, म्हणून आधी तिकडे पाहू. 1965 साली तिथे मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्या. त्याच्या आधी बहुतेक काळ्या म्हाताऱ्यांना नर्सिंग होमचं दारच बंद होतं. दार उघडलं, पण सगळ्यांसाठी सारखं नाही. 2004 मध्ये व्हिन्सेंट मॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथली नर्सिंग होम्स सरळसरळ दोन थरांत वाटली गेली आहेत. खालच्या थरातली जवळजवळ पूर्णपणे मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी पैशावर चालतात. तिथे नर्सा कमी, त्रुटी जास्त, आणि काळ्या रहिवाशांचं प्रमाणही जास्त. 2007 मध्ये डेव्हिड बार्टन स्मिथ यांचा अभ्यास आला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता. 2011 मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला होणाऱ्या जखमांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जखमांचं प्रमाण काळ्या रहिवाशांत जास्त होतंच, पण त्यामागचं मोठं कारण ते ज्या होममध्ये राहत होते ते होम, असं त्यात निघालं. एका खोलीतल्या दोन खाटांत जितका भेद होता, त्याहून कितीतरी जास्त दोन वेगळ्या इमारतींत होता. हे निरीक्षण भिलाईकडे वळताना जवळ ठेवावं, कारण भिलाईत इमारती तर वेगळ्या आहेतच, वस्त्याही वेगळ्या आहेत.

त्याच अमेरिकेतला दुसरा अनुभव उलट दिशेचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ऑन लॉक नावाची संस्था उभी राहिली. चिनी, इटालियन, फिलिपिनो वस्तीतल्या म्हाताऱ्यांना नर्सिंग होममध्ये जायचं नव्हतं. ऑन लॉकने दिवसाचं केंद्र काढलं. डॉक्टर, नर्स, व्यायाम करून घेणारे, स्वयंपाकी, गाडीचा चालक अशी एकच टोळी, एकाच पैशातून, एका म्हाताऱ्याची सगळी जबाबदारी घ्यायची. माणूस रात्री स्वतःच्या घरी झोपायचा. पुढे हाच नमुना पेस या नावाने देशभर गेला. 2003 मध्ये पेसमधल्या काळ्या आणि गोऱ्या म्हाताऱ्यांची तुलना झाली. दाखल होताना काळ्यांचं परावलंबन जास्त होतं. तरी पहिलं वर्ष उलटल्यावर त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी निघालं. संशोधकांनी यावरून सरसकट निष्कर्ष काढले नाहीत, आणि ते योग्यच होतं, कारण खडतर आयुष्य काढून त्या वयापर्यंत पोचलेली माणसं मुळातच काटक असू शकतात. पण एवढं नक्की, की सगळ्यांना एकाच टोळीची सारखी शुश्रूषा मिळाली तेव्हा बाहेर दिसणारी दरी आत दिसली नाही.

आपल्याकडे काळे-गोरे नाहीत, जात आणि जमात आहे. 2022 मध्ये संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून जास्त माणसांच्या माहितीवरून आयुर्मान काढलं. त्या नऊ राज्यांत छत्तीसगड आहे. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त, दलितांचं तीन वर्षांहून जास्त आणि मुसलमानांचं सुमारे एक वर्षाने कमी निघालं. घरची आर्थिक स्थिती लक्षात घेतली तरी या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. म्हणजे गरिबी हे कारण आहे, पण पुरेसं नाही. म्हातारपणाचा विचार करताना यातून आणखी एक अडचण पुढे येते. सत्तर-पंचाहत्तरीच्या लोकांची पाहणी करायला गेलो, की ज्या आदिवासी आणि दलित घरांतली माणसं साठीतच गेली ती आपल्याला भेटतच नाहीत. भेटतात ती टिकून राहिलेली. त्या वयाच्या लोकांत दरी लहान दिसली, तर ती लहान आहे असं समजू नये.

आता भिलाई. इथे जातीचा प्रश्न थेट जातीच्या नावाने क्वचितच पुढे येतो. तो कारखान्याच्या गेटवरून येतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1993 पासून भिलाईत वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला आणि 2020 मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की भिलाईतले कायम कामगार आणि ठेक्यावरचे मजूर हे एकाच कामगारवर्गाचे दोन गट उरलेले नाहीत, ते दोन वेगळे वर्गच झाले आहेत. कायम असलेल्याकडे नोकरी असते, बाकीचे कामावर जातात. पगार, घर, मुलांची शाळा, लग्नसंबंध, दारूचं प्रमाण, सगळंच त्या रेषेवर फिरतं. पॅरी यांचा विषय म्हातारपण नव्हता. पण म्हातारपणाकडे पाहिलं की ही रेषा तिथे सर्वांत खोल उमटलेली दिसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की भिलाईत पंचाहत्तरीला कुणाची पाठ कोण पुसणार, हे त्या माणसाच्या पंचविशीतच, त्याचं नाव कोणत्या रजिस्टरात चढलं त्यावरून ठरून गेलेलं असतं.

आणि नाव कोणत्या रजिस्टरात चढलं, यात जात होतीच. कारखाना आला तेव्हा जमिनी गेल्या त्या छत्तीसगढी गावांच्या. पण सुरुवातीला कायम नोकऱ्यांवर मोठ्या प्रमाणात बाहेरचे आले: बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बिहारी आणि आपले विदर्भातले. स्थानिक शेतकरी बिचकून होता. भट्टीला नरबळी देतात अशा अफवा होत्या, आणि हातात आलेला मोबदला तेव्हा पुरेसा वाटत होता. नोकरीचं मोल कळलं तोवर पुढच्या रांगा भरल्या होत्या. नंतर आरक्षणामुळे सतनामी या इथल्या दलित समाजातले आणि आदिवासी घरांतलेही कायम झाले, आणि ज्या घरात एक नोकरी आली त्या घराचं म्हातारपण पालटलं. सरकारी कारखान्याचं हे श्रेय मान्य करायलाच हवं. मात्र पुढे कायम कामगारांची संख्या निम्म्याच्याही खूप खाली आली आणि तेच काम ठेकेदारांकडे गेलं. धूळ, धग आणि ओझं असलेल्या जागांवर कोण उभं राहिलं, तर सतनामी, आदिवासी, ओडिशाकडून आलेले मजूर, आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बायका. कोक ओव्हनची वाफ कर्करोगाला कारण ठरते हे जगभर मान्य झालेलं आहे. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाची फुप्फुसं आणि कार्यालयात तीस वर्षं काढलेल्याची फुप्फुसं पासष्टीला सारखी नसतात.

नोकरीतल्या म्हाताऱ्याच्या हातात काय असतं? कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर-9 चं मोठं हॉस्पिटल, म्हणजे जवाहरलाल नेहरू चिकित्सालय. निवृत्तांसाठी सेलची, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या सरकारी कंपनीची मेडिक्लेम योजना. फंड आणि ग्रॅच्युइटी. पुष्कळांकडे लायसन्सवर किंवा लीजवर राखलेलं क्वार्टर, ज्यात नळ आहे, घरात संडास आहे, दारापर्यंत गाडी येते. हे सगळं ऐश्वर्य आहे असं कुणी समजू नये. कामगारांची पेन्शन योजना 1995 ची. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जे मिळालं ते एकरकमी मिळालं आणि मुलींची लग्नं, घरं यांत गेलं. त्या योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1,000 रुपये आहे, तीही बऱ्याच आंदोलनांनंतर. तरी हॉस्पिटलचं कार्ड असणं ही पंचाहत्तरीतली सर्वांत मोठी मालमत्ता असते. सेक्टरातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, बँकेच्या पासबुकाआधी तो ते कार्ड काढून दाखवतो.

कामातल्या म्हाताऱ्याकडे यातलं काही नसतं. ठेकेदार बदलला की सेवा तुटते. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. ईएसआय या कामगार विमा योजनेत निवृत्तीनंतर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायकोला उपचार मिळण्याची सोय आहे, आणि ती खरोखर चांगली सोय आहे. पण त्यालाही पाच वर्षांची विमा-नोकरी आणि निवृत्त होईपर्यंत नोंदीवर असणं दाखवावं लागतं. ज्या माणसाने एकाच गेटमधून पंचवीस वर्षं आत-बाहेर केलं, पण आठ ठेकेदारांच्या नावावर, त्याने हे कुठून दाखवायचं?

इथे एक समज तपासून पाहायला हवा, कारण तो सरकारी कागदांपासून कीर्तनापर्यंत सगळीकडे आहे. श्रीमंताच्या म्हातारपणी पैसा असतो, माणसं नसतात. गरिबाकडे पैसा नसतो, पण माणसं असतात. यातला पहिला भाग भिलाईत बराचसा खरा आहे. बीएसपीच्या शाळांत शिकलेली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला गेली, आणि सेक्टर 5, 6, 10 मध्ये दोनच जीव राहणारी घरं रांगेने आहेत. दुसरा भाग खोटा आहे. खुर्सीपार किंवा कॅम्प या मजूर वस्त्यांत म्हातारी मुलाकडेच राहते, पाहणीत ‘कुटुंबासोबत’ अशी नोंद होते. पण कुटुंब दिवसभर घरात नसतं. सकाळी सातला सून डबा भरते, सासूच्या उशाशी पाण्याचा लोटा ठेवते, भात झाकून ठेवते, दार ओढून घेते आणि शेजारणीला ‘देखत रहिबे’ सांगून निघते. सून परत येईपर्यंत म्हातारी त्याच कुशीवर असते. संडास घराबाहेर असेल तर ती दिवसभर पाणीच पीत नाही. कारण प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की पडायची भीती.

ती सून कुठे जाते? यातल्या कितीतरी जणी सेक्टरात जातात, म्हाताऱ्यांचंच करायला. अटेंडंट पुरवणारी सेंटरं आता प्रत्येक मार्केटात आहेत. बारा तासांची ड्यूटी, सेंटरचं कमिशन, शिक्षण बहुतेक वेळा काही नाही. पहिल्या घरी जे शिकायला मिळालं तेच दुसऱ्या घरी उपयोगी पडतं. पक्षाघात झालेल्या आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, टाचेखाली उशी द्यायची, पाठ कोरडी ठेवायची, पावडर चोळायची, चमच्याने पातळ भरवताना मान थोडी पुढे घ्यायची, हे सगळं ती नेमकं करते. आजोबांच्या पाठीला जखम होत नाही. तिच्या सासूच्या कंबरेला होते. कूस बदलायची हे तिला माहीत नाही असं मुळीच नाही. तिचे दोन हात त्या बारा तासांसाठी विकले गेलेले असतात. अमेरिकन अभ्यासातला जखमांचा आकडा इथे एका बाईच्या दिवसात पाहायला मिळतो.

आणि स्पर्शाचा प्रश्न. याबद्दल आपण लिहायला कचरतो. अटेंडंट ठेवताना आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, आणि त्यावरून काय समजायचं ते समजलं जातं. मलमूत्र काढायला ती चालते. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायला चालत नाही, त्यासाठी वेगळी बाई असते. काही घरांत तिचा कप वेगळा ठेवलेला असतो. ज्या माणसाला ती दिवसातून तीनदा धुते, तोच माणूस तिच्या हातचं पाणी घेताना क्षणभर थांबतो. सगळी घरं अशी नाहीत, हेही खरं. कारखान्याच्या पाळ्यांत चार जातींच्या माणसांनी एकत्र डबे खाल्ले, आणि त्यातून मोकळी झालेली पुष्कळ म्हातारी माणसं भिलाईत आहेत. पण आजारपणात, परावलंबनात आणि विस्मरणात माणूस लहानपणी शिकलेल्या गोष्टींकडे परततो, आणि ज्या घरात हे लहानपणी शिकवलं गेलं तिथे ते परत डोकं वर काढतं. शुश्रूषेच्या कुठल्याही अभ्यासात मी हा रकाना पाहिलेला नाही. तो असायला हवा.

मराठी माणसाने इथे स्वतःच्या समाजाकडेही पाहावं. छत्तीसगडशी आपला संबंध बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरपासूनचा. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूर, राजनांदगावात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भिलाईत विदर्भातून दोन प्रकारची माणसं आली. एक शिक्षक, कारकून, इंजिनिअर अशी पांढरपेशी घरं. दुसरी नागपूर, भंडाऱ्याकडची बौद्ध कामगार कुटुंबं. दोघांची भाषा एक, गाड्या त्याच, गोंदिया-डोंगरगडमार्गे. पण पहिल्यांचं गणेशोत्सव आणि दिवाळी अंकांचं जग आणि दुसऱ्यांचं विहार आणि 14 एप्रिलचं जग फारसं मिसळलं नाही. आज दोन्हीकडे थकलेली माणसं आहेत. पांढरपेशा म्हाताऱ्याची मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर औषधांच्या वेळा पाहते, नागपूरची बहीण महिनाभर येऊन राहते, मंडळातलं कुणीतरी सेक्टर-9 ला सोबत जातं. बौद्ध वस्तीतल्या ज्या घरी नोकरी होती तिथे चित्र फार वेगळं नाही. डॉ. आंबेडकरांच्या शिकवणुकीमुळे त्या घरांतली मुलंमुली शिकली, पुढे गेली. पण जिथे नोकरी मिळाली नाही तिथे विधवा म्हातारी एकटी असते, आणि तिच्यापर्यंत कुठलंच मंडळ पोचत नाही. मराठी मंडळांनी आपल्या ज्येष्ठांच्या याद्या केल्या तर त्यांत कॅम्पमधली नावं किती असतील, हा प्रश्न मंडळांनी स्वतःला विचारावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोजमापाचंही पाहायला हवं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेली लासी ही देशातली या विषयावरची सर्वांत मोठी पाहणी आहे, 45 वर्षांवरच्या 72,000 हून जास्त लोकांची. तिच्यानुसार साठीवरच्या सुमारे 24 टक्के लोकांना अंघोळ, कपडे, जेवण, उठणं-बसणं, संडासला जाणं यांपैकी किमान एका कामात अडचण येते. पैसे हाताळणं, फोन करणं, खरेदी, औषधं घेणं अशा कामांत किमान एकात अडचण येणारे 48 टक्के आहेत. आकडे मोलाचे आहेत, पण प्रश्नावली शहरी मध्यमवर्गीय घराकडे झुकलेली असते. जिने जन्मात बँकेचा व्यवहार केला नाही तिला पैसे हाताळण्यातली अडचण कशी सांगता येईल? थकवा मोजायची जगभर चालणारी पद्धत लिंडा फ्रीड यांनी 2001 मध्ये मांडली. वजनातली घट, थकल्याची भावना, मुठीतला जोर, चालण्याचा वेग आणि हालचालीचं प्रमाण अशा पाच खुणा, त्यातल्या तीन असल्या तर माणूस थकलेला धरायचा. पण ज्या रेजाचं वजन कधी चाळीस किलोच्या वर गेलंच नाही, तिच्या वजनात घट कुठून दिसणार? आणि ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे असं कधी कुणी सांगितलंच नाही, त्याच्या नावापुढे ‘आजार नाही’ असं लिहिलं जातं. अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये हेच दाखवलं होतं. बिहारपेक्षा केरळचे लोक स्वतःला जास्त आजारी सांगतात, कारण त्यांना डॉक्टर भेटलेला असतो. वस्तीतला म्हातारा कागदावर सेक्टरातल्या म्हाताऱ्यापेक्षा निरोगी दिसतो, तो याचमुळे.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात, कारण त्यांची नावं जास्त आणि म्हाताऱ्याच्या अंथरुणापर्यंत पोचणारा भाग कमी आहे. 2007 च्या कायद्याने मुलांकडून निर्वाह मागता येतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम अपेक्षित आहे. 2010-11 पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटा आणि खिळलेल्यांना घरभेट आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. हे पाऊल मोठं आहे. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. थकलेल्या माणसाची गरज भरतीच्या आठ दिवसांत संपत नाही, ती त्यानंतरच्या आठ वर्षांची असते. छत्तीसगडची वृद्ध पेन्शन महिन्याला 500 रुपये आहे, म्हणजे दिवसाला 17 रुपयेही नाहीत. मोठ्यांचा एक डायपर त्यात येत नाही. जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये शुश्रूषेचा वेगळा सार्वजनिक विमा सुरू केला. आपल्याकडे शुश्रूषा हा विषयच अजून आरोग्य आणि समाजकल्याण या दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडून आहे.

मग करता काय येईल? यावर बाहेरून काही आणण्याआधी घरातले तीन अनुभव पुरेसे आहेत. पहिला महाराष्ट्राचा. 1969 च्या माथाडी कायद्याने एक साधी गोष्ट केली. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मजुरी मंडळात जमा, फंड मंडळात, ग्रॅच्युइटी मंडळात. ठेकेदार कितीही बदलो, माणसाची वर्षं एका ठिकाणी साठत राहतात. माथाडी मंडळांच्या कारभारात आज दोष आहेत, बोगस नोंदींच्या तक्रारी आहेत. तरीही भिलाईच्या ठेका मजुराच्या म्हातारपणावर याहून नेमका उपाय मला दुसरा दिसत नाही.

दुसरा छत्तीसगडचाच. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या ठेका मजुरांनी, शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतून, 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमदानाने शहीद हॉस्पिटल उभं केलं. ज्यांना कंपनीच्या दवाखान्यात स्थान नव्हतं त्यांनी आपला दवाखाना बांधला, आणि कामगारांनाच आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. आपल्याच वस्तीतली माणसं शिकवून आपल्याच वस्तीत शुश्रूषा करता येते, हे तिथे चार दशकांपूर्वीच दिसलं. राज्याचा मितानिन कार्यक्रम 2002 पासून त्याच वाटेने चालतो. मितानिन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, आज गरोदर बाईच्या दारी जाते, बाळाच्या दारी जाते. त्याच मितानिनला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरभेटीचं शिक्षण आणि त्याचा वेगळा मेहनताना दिला, तर खुर्सीपारची ती ओढून घेतलेली दारं दिवसातून एकदा तरी उघडतील.

तिसरा केरळचा. मलप्पुरममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आठवड्यातले दोन तास देणाऱ्या स्वयंसेवकांनी सुरू केलेली घरपोच शुश्रूषा 2008 मध्ये राज्याचं धोरण झाली, आणि पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाऊ लागली. भिलाईतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या मल्याळी कामगारांना आज ही नर्स भेटते. त्याच पाळीत त्यांच्याबरोबर काम केलेला आणि भिलाईतच राहिलेला छत्तीसगढी साथीदार मात्र तिची वाट पाहण्याच्याही स्थितीत नाही, कारण अशी कुणी असते हेच त्याला माहीत नाही. भिलाई आणि दुर्गच्या महापालिकांना प्रत्येक वॉर्डात एक नर्स, एक सायकल आणि कूस बदलायला शिकलेल्या दोन बायका ठेवणं खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही.

वस्तीत दिवसाचं केंद्र काढायचं झालं, तर जागाही आहेत. सेक्टरांमधली शाळांची आणि दवाखान्यांची कितीतरी बांधकामं वस्ती ओसरल्यामुळे ओस पडली आहेत. सकाळी सातला सून कामावर निघताना म्हातारीला तिथे सोडेल, संध्याकाळी घेऊन जाईल. ऑन लॉकने वेगळं काही केलं नव्हतं. पण त्या केंद्रात सेक्टरचे आणि कॅम्पचे म्हातारे एकाच खोलीत, एकाच पंगतीला असावेत. पैसेवाल्यांसाठी एक आणि गरिबांसाठी एक अशी दोन केंद्रं निघाली, तर अमेरिकेने दोन थरांच्या नर्सिंग होम्समध्ये जे भोगलं ते आपण पहिल्या दिवसापासून बांधून ठेवू.

सर्वांत निकडीचा गट मात्र वेगळाच आहे. 1990-91 मध्ये भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या हजारो मजुरांना नियोगींच्या संघटनेत गेल्याबद्दल काढून टाकलं गेलं. त्यांची मागणी जगण्यालायक वेतनाची आणि कायम होण्याची होती. 28 सप्टेंबर 1991 ला नियोगींचा खून झाला. 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला, 16 कामगार गेले. उरलेले आज साठी-सत्तरीत आहेत. हजेरीपटावर नाव यावं म्हणून ते भांडले, आणि नाव कधीच आलं नाही. त्यांच्याकडे फंड नाही, ईएसआयचा नंबर नाही, सेवेचा दाखला नाही. कित्येकांच्या आधार कार्डावर वयही अंदाजाने टाकलेलं आहे, त्यामुळे सत्तरीचं आयुष्मान कार्ड दोन-तीन वर्षं उशिरा मिळेल किंवा पोचेपर्यंत ते नसतील. दुर्ग जिल्हा प्रशासनाने या लोकांची यादी संघटनांच्या जुन्या सदस्य-नोंदींवरून करावी, वयाचे दाखले शिबिरं घेऊन दुरुस्त करावेत, आणि घरभेटींची सुरुवात या यादीपासून करावी. हे काम एका पावसाळ्यात होण्याजोगं आहे.